जाऊबाईंचा रंगाचा डाव

माझ्या थोरल्या जाऊबाई पत्त्यांच्या त्या खेळात एकदाही हरत नाहीत, हे लक्षात आल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही बाई लबाडी करते. माझा स्वभावच तसा. मी एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करते. दिवसभर कोणी कोणाला कसं फसवलं तेच टाइप करायचं, मग संध्याकाळी घरी येऊन माणसांवर विश्वास कुठून बसायचा? शिवाय मला हरणं सोसत नाही. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

खेळ आमच्या चिमणीचा. चिमणी म्हणजे माझी मुलगी, चौथीत आहे. शुद्धलेखनाच्या स्पर्धेत दुसरी आली म्हणून शाळेने तिला साठ पत्त्यांचा एक डबा बक्षीस दिला. प्रत्येक पत्त्यावर मधोमध एका रंगाचं नाव छापलेलं: लाल, निळा, पिवळा, हिरवा, काळा नाहीतर जांभळा. पण ते नाव छापायची शाई भलत्याच रंगाची. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत, 'पिवळा' हा जांभळ्या शाईत. त्यातून पत्त्याला चहूबाजूंनी जाड काठ, तो तिसऱ्याच रंगाचा. ज्या कोणी हे काढलं असेल त्याला माणसांचा चांगलाच राग असावा.

खेळायचं असं. पत्ते सगळ्यांना सारखे वाटायचे, एक पत्ता टेबलावर मधे ठेवायचा. पाळीबिळी काही नाही, ज्याला आधी सुचेल त्याने टाकायचं. मधल्या पत्त्याचा काठ ज्या रंगाचा, त्या रंगाची शाई असलेला पत्ता आपल्या हातातून टाकायचा आणि टाकता टाकता तो रंग मोठ्याने म्हणायचा. आता मधे आला आपला पत्ता, म्हणजे काठ बदलला, की लगेच पुढचा. शब्दाकडे ढुंकून बघायचं नाही. चुकून शब्द बघून पत्ता टाकला, की मधला सगळा ढीग आपल्या गळ्यात. ज्याचे पत्ते आधी संपतील तो जिंकला. हा झाला रंगाचा डाव. शब्दाच्या डावात सगळं हेच, फक्त शाईकडे बघायचं नाही आणि काठाच्या रंगाचं नाव लिहिलेला पत्ता शोधून टाकायचा.

ऐकायला सोपं आहे. मीही पहिल्यांदा नाक मुरडून म्हणाले होते, "एवढंच ना?" आणि दुसऱ्याच मिनिटाला वीस पत्त्यांचा ढीग माझ्यापुढे होता. काठ लाल दिसला की माझा हात 'लाल' लिहिलेल्या पत्त्याकडेच जायचा. शाई कसली आहे ते बघायच्या आत शब्द वाचून मोकळी. आमच्या ह्यांचं तेच आणि चिमणीचंही तेच. रविवारी जेवणं उरकून आम्ही चौघं टेबलाशी बसायचो, आणि अर्ध्या तासात तिघं एकमेकांवर ओरडत असायचो. चौथ्या जाऊबाई. त्या शांतपणे "पिवळा", "काळा", "हिरवा" म्हणत एकेक पत्ता सोडायच्या आणि हात झटकून बसायच्या. शब्दाचा डाव सुरू झाला की मात्र, "तुम्ही खेळा, मी चहा टाकते."

थोरले दीर चार वर्षांपूर्वी गेले. त्यांचा मुलगा परगावी नोकरीला. तेव्हापासून जाऊबाई आमच्याकडे मागच्या खोलीत राहतात. वय एक्कावन्न. गणवेश शिवण्याच्या कारखान्यात गेली बावीस वर्षं कामाला आहेत. सुरुवातीला शिवून आलेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापायला उभ्या असायच्या, आठ-आठ तास. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की या बाईची नजर वेगळी आहे, आणि त्यांना दोऱ्यांच्या खोलीत घेतलं.

ती खोली मी एकदा पाहिली आहे. लांबट, अरुंद, दोन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर रिळंच रिळं. निळ्याच्याच चाळीसेक छटा. कापडाचा तुकडा आला की जाऊबाई तो घेऊन दारात जातात, कारण ट्यूबलाइटच्या उजेडात रंग फसवतो. रिळावर दोरा असतो त्यापेक्षा गडद दिसतो, म्हणून दोरा तीन-चार हात उलगडायचा, एकच पदर कापडावर आडवा ठेवायचा आणि मग ठरवायचं. मला ती सगळी रिळं सारखीच दिसत होती. त्या म्हणाल्या, "अगं, हा बघ, यात किंचित राखाडी आहे. हा शिवणीत उठून दिसेल." मी मान डोलावली. कळलं काडीचंही नव्हतं.

त्या खोलीचे इनचार्ज तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. ते शिंप्यांकडून आलेल्या चिठ्ठ्या वाचायचे, नोंदी करायचे आणि ओरडून सांगायचे, जाऊबाई रीळ काढून द्यायच्या. मॅनेजर साहेबांनी जाऊबाईंना बोलावून सांगितलं की ही जागा आता तुम्ही घ्या. जाऊबाईंनी नाही म्हणून सांगितलं. साहेबांनी पुन्हा विचारलं, त्या पुन्हा नाही म्हणाल्या. ही बातमी मला त्यांच्याकडून नाही, त्यांच्या कारखान्यातल्या एका बाईकडून बाजारात कळली, आणि माझं डोकंच फिरलं.

"ताई, मानाची जागा चालून आली आणि तुम्ही पाठ फिरवता?" मी घरात पाऊल ठेवताच सुरू केलं.

"मला नाही झेपायचं गं ते."

"काय नाही झेपायचं? इतकी वर्षं तेच तर करताय! आणि नवा माणूस आला म्हणजे तो स्वतःची माणसं आणेल. तुम्हाला पुन्हा धागे कापायला उभं करतील, या गुडघ्यांनिशी!"

"उभं करतील, ते मलाही कळतं," त्या म्हणाल्या आणि भांडी लावू लागल्या. मला वाटलं, ही बाई भित्री आहे. थोडक्यात, मी त्यांना आधी लबाड ठरवलं आणि मग भित्री. दोन्ही वेळा मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी वरच्या मजल्यावरचे नवराबायको आमच्याकडे आले होते. सहाजण बसलो. जाऊबाई ओळीने तीन डाव जिंकल्या, तेव्हा माझा संयम संपला. मी म्हटलं, "आता शब्दाचा डाव. आणि ताई, आज उठायचं नाही. चहा मी टाकेन."

"नको गं, तुम्ही खेळा."

"का? रंगाच्या डावात मात्र तरतरी येते अंगात! बसा."

पाहुण्यांसमोर त्यांना नाही म्हणता येईना. पत्ते वाटले. मधल्या पत्त्याचा काठ हिरवा होता. जाऊबाईंनी हिरव्या शाईचा पत्ता टाकला. त्यावर लिहिलं होतं 'काळा'. सगळे हसले. "वहिनी, शब्द बघा, शब्द!" हे म्हणाले. जाऊबाईंनी ढीग उचलला. पुढचा पत्ता, पुन्हा चूक. तिसऱ्यांदाही चूक झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "चष्म्याशिवाय दिसत नाहीये मला."

"चष्मा तुमच्या नाकावर आहे, ताई," मी म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या बाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. जाऊबाईही थोड्या हसल्या. मग त्यांनी हातातले पत्ते होते तसे टेबलावर पालथे ठेवले आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. डाव पुढे चालू राहिला आणि तो मी जिंकले. मला फार बरं वाटलं, हे मी कबूल करते.

पाहुणे गेल्यावर मी टेबल आवरायला घेतलं. जाऊबाईंचे पत्ते त्यांनी हातात धरले होते त्याच क्रमाने पडले होते. मी ते पंख्यासारखे उघडले. अर्ध्या पत्त्यांवरचे शब्द उलटे होते, डोकं खाली, पाय वर. त्यांनी डावभर ते तसेच धरले होते. ज्याला वाचता येतं तो माणूस पत्ता हातात आल्याबरोबर सुलटा करतो, त्याला विचारही करावा लागत नाही. ज्याला शब्द म्हणजे नुसती रेघोटी आहे, तो कशाला सुलटा करेल?

मग एकेक गोष्ट आठवत गेली. बँकेचा कागद आला की, "डोळे दुखतायत गं, काय लिहिलंय बघ." औषधाची बाटली चिमणीकडून वाचून घेणं. पगाराच्या कागदावरची सही, जी त्या मान तिरकी करून, जीभ दातांत धरून, चित्र काढल्यासारखी काढायच्या. दीर होते तोवर त्यांच्या घरातलं सगळं वाचन तेच करायचे. मी अकरा वर्षं या घरात आहे, कागद वाचण्यावर माझं पोट चालतं, आणि मला हे कळलं नव्हतं.

स्वयंपाकघरात जाऊबाई ओट्यावर फडकं फिरवत होत्या. ओटा आधीच स्वच्छ होता. मला गोड बोलून सुरुवात करणं कधी जमलेलं नाही. मी म्हणाले, "ताई, तुम्हाला वाचता येत नाही."

त्यांचा हात थांबला. "आकडे येतात मला," त्या म्हणाल्या. "रिळांचे नंबर सगळे येतात."

"आणि अक्षरं?"

"शाळेत पंधरा दिवस गेले होते. मग धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला घरी ठेवलं. मग आणखी एक झाला." फडकं पिळून त्यांनी दांडीवर टाकलं. "माझ्या मुलालाही माहीत नाही. तू कोणाला सांगू नकोस."

"म्हणून जागा नको म्हणालात?"

"चिठ्ठी आली तर काय सांगू? चष्मा नाही म्हणून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायची तर शब्द सापडेनात, म्हणून मी रागावूनच म्हणाले, "तीन महिने आहेत. साहेबांना सांगा, विचार करून सांगते म्हणून. उद्यापासून मी शिकवते."

शिकवणं हे माझं काम नव्हे, ते पहिल्याच आठवड्यात सिद्ध झालं. त्या कारखान्यातून आल्या की आम्ही मागच्या खोलीत दार लोटून बसायचो. चिमणीला सांगितलं होतं, काकूचे पाय चेपते. मी चिमणीच्या स्केचपेनांनी सहा कागदांवर सहा शब्द मोठ्या अक्षरात लिहिले. लाल पेनाने 'लाल', निळ्याने 'निळा', हिरव्याने 'हिरवा'. तिसऱ्या दिवशी जाऊबाईंनी सहाही शब्द न अडखळता वाचले. कसेही मागेपुढे करा, बिनचूक! मी हर्षाने वेडी व्हायची बाकी होते. मनात म्हटलं, मी शिक्षिकाच व्हायला हवं होतं.

चौथ्या दिवशी तेच शब्द पेन्सिलीने लिहून दाखवले. जाऊबाईंनी कागद उजेडाकडे धरला.

"हा कुठला?" मी विचारलं.

"करडा," त्या म्हणाल्या.

तीन दिवस त्या शाई ओळखत होत्या आणि मी स्वतःची पाठ थोपटत होते. त्यांनी मला फसवलं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की वाचणं म्हणजे हेच असावं. माझा आवाज चढला, मग त्याच हसू लागल्या, मग मीही हसले, आणि बाहेरून चिमणी ओरडली, "पाय चेपताना हसतात का?"

तेव्हा मला तो पत्त्यांचा डबा आठवला. त्या पत्त्यांत शाई बघून काही सांगताच येत नाही. शब्द लाल, शाई हिरवी, काठ काळा. वाचायचं तर अक्षराशीच झगडायला हवं. चिमणीची वार्षिक परीक्षा अजून लांब होती, तरी तेच निमित्त करून मी डबा तिच्याकडून काढून घेतला आणि मागच्या खोलीत नेला. रोज साठ पत्ते. "रंग विसरा," मी म्हणायची. "तो विसरता येत असता तर काय पाहिजे होतं," त्या म्हणायच्या. इतकी वर्षं ज्या नजरेच्या जिवावर भाकरी खाल्ली, तीच नजर बाजूला ठेवायला मी सांगत होते. त्या पत्त्यावर बोट ठेवायच्या, 'ला' म्हणायच्या, थांबायच्या, मग 'ल'. कपाळावर घाम यायचा. आठ तास उभं राहून घाम न येणारी बाई ही.

साठ पत्ते संपले की नवे कागद काढायचो. एका महिन्याने त्या कारखान्यातून रिळांवरची जुनी लेबलं घेऊन येऊ लागल्या. 'गडद', 'फिका', 'लॉट', 'शिवण'. मग कचऱ्यात टाकलेल्या चिठ्ठ्या. शिंप्यांची अक्षरं म्हणजे काय सांगू, मलाही दोनदा बघावी लागली. एकदा त्या म्हणाल्या, "याने 'निळा' लिहिलंय की 'निला'?" मी बघितलं, खरंच 'निला' लिहिलं होतं. मी म्हणाले, "ताई, तुम्ही आता शिंप्याची चूक काढताय!"

पण त्यांना पटेना. "हे वाचणं नव्हे गं. हे पाठ झालंय मला. तू वाचतेस तसं कुठे? तुझ्याकडे बघितलं की वाटतं, तू काही करतच नाहीस. मी एकेका शब्दाला ढकलत नेते. कोणी समोर उभं राहून घाई केली की सगळं जाईल."

मी समजावलं, रागावले, शेवटी हात टेकले. तीन महिने संपत आले. सोमवारी साहेबांना उत्तर द्यायचं होतं. शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं, "नाहीच म्हणणार आहे मी. तू वाईट वाटून घेऊ नकोस, तू खूप केलंस." मी त्यांच्याशी बोलले नाही. बोलले असते तर भांडणच झालं असतं.

रविवारी चिमणीची परीक्षा संपली होती. तिने जेवण होताच डबा मागितला. "तीन महिने झाले! आणि काकूने पहिल्यांदा रंगाचाच डाव खेळायचा, मला तिला हरवायचंय."

आम्ही चौघं बसलो. माझं लक्ष नव्हतं, मी दोनदा ढीग उचलला. जाऊबाई नेहमीसारख्या पत्ते सोडत होत्या, जरा सावकाश वाटल्या इतकंच. मला वाटलं, उद्याचा विचार असेल. त्यांच्या हातात चार पत्ते उरले, चिमणीच्या हातात पाच. मधे निळा काठ आला.

जाऊबाईंचा हात सुटला. पत्ता टेबलावर आपटला आणि त्या ओरडल्या, "निळा!"

शाई पिवळी होती. शब्द होता 'निळा'.

चिमणी खुर्चीवर चढली. "काकू चुकली! काकू, तू शब्द वाचलास! शब्द वाचायचा नसतो, शाई बघायची असते!"

जाऊबाईंनी तो पत्ता उचलून डोळ्यांजवळ धरला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "मी वाचायला गेले नव्हते गं. मी शाईच शोधत होते. शब्द आपणहून आला."

"माझ्याकडेही तो असाच येतो, ताई," मी म्हणाले. "दर वेळी." आणि मला रडू फुटलं. मी उठसूट रडणारी बाई नाही, पण ते आवरेना. आमचे हे गोंधळून एकदा माझ्याकडे, एकदा वहिनींकडे बघत होते. "अगं, हरल्या त्या, आणि रडतेस तू?"

"भाऊजी, मला वाचता येत नव्हतं," जाऊबाई म्हणाल्या. सरळ, चिमणीच्या आणि ह्यांच्या तोंडावर. एवढी वर्षं जपलेली गोष्ट त्यांनी हातातला पत्ता टाकावा तशी टाकली. "हिने शिकवलं. तीन महिने. आणि उद्या साहेबांना सांगते, जागा घेते म्हणून."

चिमणी खुर्चीवरून खाली उतरली आणि काकूच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिच्या डोक्यात हिशेब चालू होता.

"तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू जिंकायचीस?"

"हो."

"मग आता तूही आमच्यासारखी हरणार?"

"हो," जाऊबाई म्हणाल्या. "आता मीही हरणार." आणि त्यांनी मधला सगळा ढीग दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून घेतला.